शस्त्राला शिस्त लावणारे डॉ. व्हिपल

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले स्वादुपिंड हा शल्यविशारदांनी दीर्घकाळ टाळलेला अवयव. तिथवर हात पोहोचणे कठीण, भोवती मोठ्या रक्तवाहिन्या, आणि त्याचा पाचक रस असा की तो घातलेले टाकेही सैल करू शकतो. या अवयवातील गाठींवरच्या शस्त्रक्रियेची वाट ज्यांनी रुळवली, ते अमेरिकेचे डॉ. अ‍ॅलन ओल्डफादर व्हिपल. एका अवघड शस्त्रक्रियेला त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मात्र शस्त्र केव्हा उचलू नये, याचा दंडकही त्यांनीच घालून दिला, हे वैद्यकाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही.

व्हिपल यांचा जन्म १८८१ मध्ये इराणातील उर्मिया येथे झाला. आईवडील ख्रिस्ती धर्मप्रसारक. बालपण तिथेच गेल्याने त्या प्रदेशातील भाषा त्यांच्या कानावर लहानपणीच पडल्या. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेऊन १९०८ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाले. १९२१ मध्ये तिथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले आणि १९४६ पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

ते प्राध्यापक झाले त्याच वर्षी कॅनडात टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला. मधुमेहात इन्शुलिन कमी पडते. मग ते अति झाले तर? स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची क्वचित गाठ होते. तिला इन्शुलिनोमा म्हणतात. दरवर्षी दहा लाखांत एक ते चार जणांनाच ती होते. गाठ बहुधा लहान आणि साधी असते, पण तिच्यामुळे रक्तातील साखर एकाएकी उतरते. रुग्णाला घाम फुटतो, तो असंबद्ध बोलतो, कधी फीट येऊन बेशुद्ध पडतो. असे रुग्ण अपस्माराचे किंवा वेडाचे समजले जाण्याचा धोका असे. १९२९ मध्ये टोरांटो येथेच रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ यशस्वीरीत्या काढली आणि शल्यविशारदांचा उत्साह वाढला.

या उत्साहाचा धोका उघड होता. चक्कर येणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गाठ नसते. व्हिपल यांनी १९३० च्या दशकात तीन कसोट्या ठरवल्या. लक्षणे उपाशीपोटी उद्भवली पाहिजेत; त्या वेळी रक्तशर्करा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली असली पाहिजे; आणि ग्लुकोज देताच रुग्ण सावरला पाहिजे. तिन्ही जुळल्या तरच पोट उघडावे. स्कॅन नसलेल्या त्या काळात या साध्या नियमाने अनेकांना व्यर्थ शस्त्रक्रियेपासून वाचवले. 'व्हिपल त्रिसूत्री' वैद्यकीय विद्यार्थी आजही शिकतात.

दुसरे आव्हान स्वादुपिंडाच्या शीर्षभागाचे होते. हा भाग आणि लहान आतड्याचा आरंभ यांचा रक्तपुरवठा सामाईक असतो, पित्तनलिकाही तिथूनच जाते. त्यामुळे गाठ काढायची तर हे सारे एकत्र काढून उरलेले भाग पुन्हा जोडावे लागतात. जर्मनीत वाल्टर काउश यांनी हे साधल्याचे १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते, पण पद्धत रूढ झाली नाही. १९३५ मध्ये व्हिपल आणि सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांचा अहवाल मांडला. काविळीने रक्त गोठेनासे होई, म्हणून शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केली जात असे. पुढे 'के' जीवनसत्त्व उपलब्ध झाले आणि ही अडचण सुटू लागली.

मार्च १९४० मध्ये व्हिपल जठराचा कर्करोग समजून एक शस्त्रक्रिया करत होते. पोट उघडल्यावर गाठ स्वादुपिंडाच्या शीर्षभागी निघाली. रुग्णाला कावीळ नव्हती. त्यांनी एकाच बैठकीत सारे काम पूर्ण केले. ती गाठ इन्शुलिन न स्रवणाऱ्या, दुर्मीळ प्रकारची होती. रुग्ण त्यानंतर नऊ वर्षे जगला. नेहमीचा स्वादुपिंडाचा कर्करोग असता, तर एवढा काळ मिळणे जवळपास अशक्यच होते. या अवघड शस्त्रक्रियेवरचा विश्वास दृढ होण्यास एका दुर्मीळ गाठीचा असा हातभार लागला.

व्हिपल यांच्या सहकारी डॉ. व्हर्जिनिया फ्रँट्झ यांनी १९५९ मध्ये मुख्यतः तरुण स्त्रियांना होणारी आणखी एक दुर्मीळ गाठ वर्णिली. ती पूर्ण काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात.

निवृत्तीनंतर व्हिपल जन्मभूमीच्या वैद्यकीय इतिहासाकडे वळले. नेस्टोरियन ख्रिस्ती आणि मुस्लिम वैद्यांच्या कार्यावरील त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाले. ६ एप्रिल १९६३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

त्यानंतरही बराच काळ या शस्त्रक्रियेत सुमारे पाचातला एक रुग्ण दगावत असे. आता ती सातत्याने करणाऱ्या केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही ती नेहमी होते. स्वतः व्हिपल यांनी मात्र साऱ्या कारकिर्दीत ती केवळ ३७ वेळा केली.