निनावी कबरीचा चित्रकार

१९८६ सालची गोष्ट. बँकेत अधिकारी म्हणून नुकताच लागलो होतो आणि पहिलीच नेमणूक फोर्टमधल्या शाखेत झाली होती. दुपारी डबा खाऊन झाला की फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जायचं आणि जुन्या पुस्तकांच्या राशी उपसायच्या, हा माझा नेम. अशाच एका राशीत एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं. एडगर ॲलन पोच्या भयकथा. पो मला नवा नव्हता. धारप आणि मतकरी वाचून झाले की आमच्या पिढीतली पोरं त्यांच्या या अमेरिकन पूर्वजाकडे वळतच. मी पुस्तक ठेवून देणार, तेवढ्यात त्यातलं एक पान उघडलं आणि मी तिथेच उभा राहिलो.

पानभर काळं चित्र होतं. काळं म्हणजे शाई सांडावी तसं काळं. त्या काळोखातून लांबट, हाडकुळी माणसं वर आली होती. डोळे बशीएवढे, बोटं वेलीसारखी लांब. त्यांच्या अंगावरच्या वस्त्रांवर मात्र इतकी बारीक नक्षी की पैठणीच्या पदराची आठवण व्हावी. पंचवीस रुपये मोजून मी पुस्तक घेतलं. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने त्यातली दोन-तीन चित्रं पाहिली, पुस्तक मिटलं आणि हे रात्री घरात ठेवू नका, असा कळकळीचा सल्ला दिला. चित्रकाराचं नाव होतं हॅरी क्लार्क.

का कोण जाणे, पण हा माणूस व्यसनी, विक्षिप्त, एकटा असणार असं मी धरून चाललो होतो. अशी चित्रं काढणारा माणूस संसारी असेल, असं डोक्यातच आलं नाही. हा समज मी तीसेक वर्षं सांभाळला. निवृत्तीनंतर सवड मिळाली, निकोला गॉर्डन बो या विदुषीने १९८९ मध्ये लिहिलेलं त्याचं चरित्र हाती आलं, आणि माझी फजिती झाली. हॅरी क्लार्क हा चर्चच्या खिडक्या बनवणारा कारागीर होता. संतांच्या आणि देवमातेच्या रंगीत काचांच्या खिडक्या हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पो हे त्याचं फावल्या वेळातलं काम!

हॅरीचा जन्म १७ मार्च १८८९ चा, डब्लिनचा. त्या दिवशी सगळं आयर्लंड संत पॅट्रिकचा सण साजरा करतं. वडील जोशुआ क्लार्क इंग्लंडमधल्या लीड्सहून येऊन डब्लिनमध्ये स्थिरावले होते. नॉर्थ फ्रेडरिक स्ट्रीटवर त्यांचा चर्च सजावटीचा व्यवसाय होता. आई ब्रिजिड आयरिश. शाळा जेझुइटांची, बेल्व्हेडीअर कॉलेज. जेम्स जॉइस काही वर्षं आधी तिथूनच शिकून बाहेर पडला होता. १९०३ मध्ये आई वारली तेव्हा हॅरी चौदा वर्षांचा होता. पुढे तो वडिलांच्याच कारखान्यात उमेदवारी करू लागला आणि संध्याकाळी डब्लिनच्या कलाशाळेत जाऊ लागला. तिथे आल्फ्रेड चाइल्ड या शिक्षकांनी त्याला काचेचं काम शिकवलं. लंडनला भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १९११ पासून लागोपाठ तीन वर्षं सुवर्णपदक मिळवलं.

हे काचेचं काम समजून घेतल्याखेरीज त्याची भयचित्रं समजत नाहीत, असं मला आता वाटतं. काचेची खिडकी म्हणजे तुकड्यांची गोधडी. प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवायचा. या पट्ट्या म्हणजे खिडकीतल्या काळ्या रेघा. त्यांच्यामुळेच शेजारचा निळा अधिक निळा आणि लाल अधिक लाल दिसतो. हॅरी याहून पुढे गेला. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवलेला असतो, तशी काच तो घ्यायचा. जिथे रंग गडद हवा तिथे मेणाचा लेप, आणि बाकीचा थर हायड्रोफ्लुओरिक आम्लाला खाऊ द्यायचा. पुन्हा लेप, पुन्हा आम्ल. असं करत एकाच तुकड्यावर गडद माणकापासून फिक्या गुलाबीपर्यंत छटा उतरायच्या. कधी अशा दोन काचा एकमेकींवर ठेवून तिसराच रंग काढायचा. १९१४ मध्ये शिष्यवृत्तीवर फ्रान्सला जाऊन त्याने शार्त्रच्या कॅथीड्रलमधल्या मध्ययुगीन खिडक्या पाहिल्या. तिथला निळा रंग पुढे जन्मभर त्याच्या कामात राहिला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मार्गारेट क्रिली या चित्रकर्तीशी त्याचं लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली. त्याआधी लंडनमध्ये प्रकाशकांचे उंबरठे झिजवताना जॉर्ज हॅरप यांनी त्याला अँडरसनच्या परीकथांचं काम दिलं होतं. ते पुस्तक १९१६ मध्ये निघालं. डब्लिनच्या एका प्रकाशकासाठी कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या दीर्घ कवितेचीही चित्रं त्याने काढली होती. पण १९१६ च्या ईस्टरला डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, शहराचा मध्यभाग जळाला, आणि त्या आगीत छपाईची सगळी तयारी खाक झाली. पुस्तक निघालंच नाही. १९१५ ते १९१७ या काळात कॉर्क शहरातल्या होनन चॅपेलसाठी त्याने अकरा खिडक्या केल्या आणि आयर्लंडभर त्याचं नाव झालं.

या खिडक्यांत संत गोबनाइट या साध्वीची खिडकी आहे. ही मधमाश्यांची रक्षणकर्ती. तिच्यावर चालून आलेल्या लुटारूंना मधमाश्या पळवून लावतात, असा प्रसंग. त्या साध्वीचा फिकट चेहरा पाहा आणि मग पोच्या कथांतल्या त्याने काढलेल्या मृत नायिका पाहा. बहिणी वाटाव्यात इतकं साम्य आहे. तोच लांब गळा, तीच स्थिर नजर. एका ठिकाणी त्या नजरेपुढे माणसं गुडघे टेकतात, दुसऱ्या ठिकाणी पुस्तक मिटून टाकतात.

पोचं पुस्तक हॅरपने १९१९ मध्ये काढलं. चोवीस पानभर चित्रं, सगळी काळी-पांढरी. १९२३ च्या आवृत्तीत आणखी आठ रंगीत चित्रांची भर पडली. हा ब्लॉक छपाईचा काळ. रेघेच्या ब्लॉकमध्ये करडा रंग नसतो. शाई असते किंवा कागद असतो. करडा हवा तर ठिपके आणि रेघा यांतूनच तो भासवायचा. पंचविशीत क्षयाने गेलेल्या ऑब्री बिअर्डस्ली या इंग्रज चित्रकाराने ही काळ्या-पांढऱ्याची रीत आधी गाजवली होती, आणि पोच्या काही कथांना त्याचीही चित्रं होती. हॅरीवर त्याचा प्रभाव उघड आहे. पण बिअर्डस्लीची पांढरी जागा मोकळी, ऐसपैस असते. हॅरीच्या चित्रात पांढरं म्हणजे काळोखाने कोंडलेला उजेड. वर्षानुवर्षं शिशाच्या चौकटीत उजेड बसवणाऱ्या माणसाचा हात तो. त्याने फक्त प्रमाण उलटं केलं. खिडकीत उजेड फार आणि काळं रेघेपुरतं. पोमध्ये काळं फार आणि उजेड रेघेपुरता.

या चित्रांपैकी एकापाशी मी दर वेळी थबकतो. जिवंतपणी पुरलं जाण्याच्या भीतीवर पोची एक कथा आहे, १८४४ सालची. तिच्या निवेदकाला वरचेवर मृतवत झटके येतात. आपण परक्या ठिकाणी, परक्या माणसांत असे निपचित पडू आणि ते आपल्याला मेलेला समजून कुठल्याशा नाव नसलेल्या खड्ड्यात कायमचे गाडून टाकतील, ही त्याची धास्ती. हॅरीने चित्राखाली छापायला कथेतलं नेमकं हेच, निनावी थडग्याचं वाक्य निवडलं.

पोनंतर चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याचं एक अगदी वेगळं काम प्रसिद्ध झालं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आयरिश सैनिकांच्या नावांची आठ खंडांची नोंदवही छापायची होती. सुमारे ४९ हजार नावं. त्या पानांच्या कडा सजवायचं काम हॅरीकडे आलं. त्याने नावांभोवती वेलबुट्टी काढली आणि त्या वेलबुट्टीत खंदक, विमानं, तोफा आणि सैनिकांच्या काळ्या छायाकृती गुंफल्या. पोच्या पुस्तकातला काळा रंग इथेही आहे. मधे पांढऱ्या जागेत ओळीने नावं. मी आयुष्यभर खातेवह्या पाहिल्या. नावांच्या यादीला कुणी इतक्या मायेने चौकट काढलेली पाहिली नाही.

१९२१ मध्ये वडील गेल्यावर कारखाना हॅरी आणि भाऊ वॉल्टर यांच्यावर आला. मग पेरॉच्या परीकथा, गटेचं फाउस्ट, स्विनबर्नच्या कविता ही पुस्तकं, डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या ब्यूलीज कॅफेच्या खिडक्या, आणि गावोगावच्या चर्चची मागणी. दोघा भावांच्या हातून शंभराहून अधिक खिडक्या झाल्या. छाती मुळात नाजूक, त्यात दिवसभर आम्लाच्या वाफा आणि रात्री दिव्याखाली चित्रं. या वाफांनी त्याचं दुखणं बळावलं असावं, असं त्याच्याविषयी लिहिणारे अनेक जण मानतात. १९२९ मध्ये क्षयाचं निदान झालं आणि त्याला स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या आरोग्यधामात पाठवण्यात आलं.

तोवर एक मोठं सरकारी काम हाती होतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाला नव्या आयरिश सरकारतर्फे भेट द्यायची खिडकी. हॅरीने तीत येट्स, शॉ, सिंग, जॉइस अशा पंधरा आयरिश लेखकांच्या साहित्यातले प्रसंग घेतले. १९३० मध्ये खिडकी पूर्ण झाली, आणि सरकार बिचकलं. लियम ओफ्लाहर्टीच्या कादंबरीतली झिरझिरीत वस्त्रातली नर्तकी आणि एकूणच ही मंडळी कॅथलिक आयर्लंडची प्रतिनिधी म्हणून पाठवणं सरकारप्रमुख कॉसग्रेव्ह यांना प्रशस्त वाटेना. खिडकी जिनिव्हाला गेली नाही. हॅरीच्या मृत्यूनंतर मार्गारेटने सरकारला पैसे परत करून ती विकत घेतली. पुढे अनेक वर्षांनी ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या मायामी बीचच्या संग्रहालयात पोहोचली.

त्याच १९३० साली वॉल्टर वारला. आजार बळावून हॅरी पुन्हा दाव्होसला गेला. पण परमुलखात मरण येईल ही भीती त्याला सोडेना. जानेवारी १९३१ मध्ये तो घरी जायला निघाला. डब्लिन फार दूर राहिलं. दाव्होसहून थोड्याच अंतरावरच्या कूर या गावी ६ जानेवारीला त्याचा अंत झाला. वय एक्केचाळीस. तिथेच त्याला पुरलं आणि वर नावाचा दगड बसवला.

खरी गोष्ट इथून पुढची. तिथल्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांनंतरही कबर राखायची असेल, तर कुटुंबाने तशी हमी द्यावी लागे. हे क्लार्क कुटुंबाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं. १९४६ मध्ये मुदत संपली, हमी आलेली नव्हती, तेव्हा त्याचे अवशेष उकरून सामायिक कबरीत टाकण्यात आले. दगड गेला, नावही गेलं.

हे वाचलं तेव्हा मी ते पुस्तक काढून पुन्हा ते चित्र पाहिलं. अंगावर काटा आला, नाही असं नाही. चित्रकाराला आपलं भविष्य दिसलं होतं, असं लिहून टाकायचा मोह कादंबरीकाराला व्हावा असाच हा योग आहे. पण मला ते खरं वाटत नाही. ही चित्रं काढली तेव्हा तो तिशीच्या आतबाहेरचा, नव्या संसारातला, हाताशी भरपूर काम असलेला माणूस होता. बाहेर महायुद्ध, उठाव आणि इन्फ्लुएन्झाची साथ यांनी माणसं पटापट मरत होती. निनावी कबरीची भीती त्याने घरात बसून शोधून काढलेली नव्हती; ती तेव्हा घरोघर होती. म्हणून तर ४९ हजार नावं छापायची निकड एका देशाला वाटली.

आणि त्याचं जे झालं त्यात भूतबाधा कुठेच नव्हती. नियम होता, मुदत होती आणि कुणाला तरी कळवायचं राहून गेलं होतं. हे मला चांगलं ओळखीचं आहे. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांची यादी शाखेत दर वर्षी निघायची. खातेदारांना रजिस्टर पत्रं पाठवायची. बरीचशी परत यायची, पोस्टमनच्या शेऱ्यासह, की या पत्त्यावर असं कुणी राहत नाही. आम्ही ती फायलीला लावायचो. कुणाचीच चूक नसायची, सगळं नियमाने चाललेलं असायचं आणि एकेक नाव खात्यातून निष्क्रिय यादीत जायचं. २०१४ पासून तर दहा वर्षं पडून राहिलेल्या अशा रकमा रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात. वारसाने मागितलं तर पैसे परत मिळतात, एवढी सोय त्यात आहे. कूरच्या दफनभूमीत ती नव्हती. पोने भीतीचे पुष्कळ प्रकार लिहिले, पण न पोहोचलेल्या सूचनेची भीती त्याला सुचली नाही. ती सुचायला कचेरीत नोकरी करावी लागते.

माझी प्रत आता पिवळी पडली आहे. पहिल्या पानावर कुणा आधीच्या मालकाची सही होती. रद्दीत देताना त्याने ती जाड पेनाने खोडली आहे. त्या खोडलेल्या सहीखाली १९८६ मध्ये मी माझं नाव आणि शाखेचं नाव घातलं होतं. ती शाखाही आता नाही. माझ्यामागे हे पुस्तक पुन्हा एखाद्या फूटपाथवर जाईल, तेव्हा माझंही नाव कुणी खोडेल. दोन पानं पुढे, पोच्या नावाखाली, हॅरी क्लार्कचं नाव छापलेलं आहे. ते राखायला मात्र कुणाची हमी लागलेली नाही.