डॉ. भाऊ दाजी लाड : कुष्ठरुग्णांचे डॉक्टर



मुंबईला गेल्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली असेल. तेथील जुन्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. प्राचीन शिलालेखांचे संशोधक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आज मात्र त्यांच्यातील डॉक्टरची ओळख करून घेऊ या.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गाव गोव्यातील मांद्रे. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलाची बुद्धिबळातील हुशारी एका इंग्रज गृहस्थाने हेरली आणि त्याच्या आग्रहावरून वडिलांनी मुलाला इंग्रजी शिक्षण दिले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ होते. व्यवसायात त्यांनी नाव कमावले, पण गोरगरिबांना फुकट औषध देणेही सोडले नाही. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.

त्या काळी आपल्याकडे त्वचारोगाचा वेगळा डॉक्टर नव्हता. महारोग झालेल्याला घरदार तुटत असे. प्रभू येशूने अशाच माणसाला स्पर्श केला होता. भाऊंनी संस्कृत वैद्यक ग्रंथांतील औषधी पारखल्या आणि कडू कवठाच्या बियांचे तेल देऊन कुष्ठरुग्णांवर उपचार केले. परंतु या औषधाची पूर्ण माहिती त्यांनी हयातीत प्रसिद्ध केली नाही. त्यांच्या हेतूचा निवाडा आपण करू नये. तरीही झाकून ठेवलेले औषध इतर डॉक्टरांना पारखता येत नाही, हे खरे. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला. पुढच्याच वर्षी, मे १८७४ मध्ये, भाऊ निवर्तले. अशी तेले पुढे अनेक वर्षे वापरली गेली, पण रोग मुळापासून गेला नाही.

आज त्वचारोगतज्ज्ञ होण्यासाठी साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस. आणि पुढे तीन वर्षे एम.डी. करावे लागते. त्या पदवीच्या नावात त्वचारोग व गुप्तरोगाबरोबर कुष्ठरोगाचाही उल्लेख असतो. हा डॉक्टर उजेडात सारे अंग पाहतो, चट्ट्यावर कापूस फिरवून जाणीव आहे का ते विचारतो, कोपराजवळची नस चाचपतो. यंत्रापेक्षा डोळे, बोटे आणि धीर यांचेच हे काम आहे.

पण रोगी समोर आला तरच ना! १९८० च्या दशकापासून खात्रीचे औषध मिळते. सरकारी दवाखान्यात ते मोफत असते आणि सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. औषध सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाची भीती उरत नाही. तरीही मुलीचे लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, म्हणून चट्टा बाहीखाली झाकला जातो. तोवर नस बधिर होते, बोटे वाकतात आणि वाकलेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

भाऊंच्या काळी औषध झाकलेले होते. आज औषध उघड आहे आणि चट्टा झाकलेला. तो झाकायला लावणारी भीती आपणच घालतो. आपल्या घरात, शेजारात कोणाला बधिर चट्टा असेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा. चर्चमध्ये त्याच्याच बाकावर बसा.

आपला,
फादर