आल्फ्रेड हुगेनबर्ग : हिटलरला खुर्चीपर्यंत नेणारा वृत्तपत्रांचा मालक

हिटलर सत्तेवर कसा आला, असे विचारले की मंदी, बेकारी, व्हर्सायचा तह आणि त्याची भाषणे ही कारणे लगेच पुढे येतात. ती खरीच आहेत. पण त्याचा हात धरून त्याला प्रतिष्ठितांच्या पंगतीत बसवणारी माणसेही होती, आणि त्यांची नावे मागे पडली आहेत. त्यांतल्या आल्फ्रेड हुगेनबर्गची ओळख आपल्या तरुण कार्यकर्त्यांना असायलाच हवी, असे आम्हाला वाटते.

हुगेनबर्गचा जन्म १८६५ मध्ये हॅनोव्हरला झाला. तो कायदा आणि अर्थशास्त्र शिकला. जर्मन वंशाचे वर्चस्व मागणाऱ्या अखिल जर्मन संघाच्या स्थापनेत त्याचा पुढाकार होता. पुढे प्रशियाच्या सरकारी नोकरीत तो पोझेन प्रांतात गेला. पोलिश लोकांच्या जमिनी विकत घेऊन तिथे जर्मन शेतकरी बसवायचे, हे त्याच्या खात्याचे काम. जमीन ज्याच्या हाती, प्रांत त्याचा, हा हिशेब तो इथेच शिकला असावा. १९०९ ते १९१८ या काळात तो तोफा बनवणाऱ्या क्रुप कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता.

त्याची खरी ताकद मात्र छापखान्यात होती. युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये, उद्योगपतींच्या पैशांवर त्याने बर्लिनची शेर्ल ही मोठी प्रकाशनसंस्था ताब्यात घेतली. मग वृत्तसंस्था, जाहिरात कंपनी आणि १९२७ मध्ये ऊफा ही चित्रपट कंपनी त्याच्या हाती आली. सर्वांत चतुर भाग गावोगावच्या छोट्या वृत्तपत्रांचा. त्यांना बातमीदार परवडत नसत. हुगेनबर्गच्या कंपन्या त्यांना तयार बातम्या, लेख, अगदी छपाईचे साचेसुद्धा स्वस्तात पुरवत. नाव गावच्या वृत्तपत्राचे आणि मजकूर बर्लिनचा. वाचणाऱ्याला पत्ताही नसे. अशी शेकडो वृत्तपत्रे होती.

एवढे असूनही माणसे त्याच्यामागे येत नव्हती. सभेत तो अगदीच निष्प्रभ ठरे. त्याचा जर्मन राष्ट्रीय जन पक्ष हा जमीनदार, अधिकारी आणि राजेशाहीवाद्यांचा. डिसेंबर १९२४ मध्ये २०.५ टक्के मते मिळवणारा हा पक्ष मे १९२८ मध्ये १४.२ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हुगेनबर्ग पक्षाध्यक्ष झाला आणि तडजोड मानणाऱ्या काउंट वेस्टार्पसारख्या जुन्या नेत्यांची पक्षात घुसमट सुरू झाली.

१९२९ मध्ये युद्धभरपाईच्या यंग योजनेविरुद्ध त्याने सार्वमताची मोहीम उघडली आणि हिटलरला सोबत घेतले. हिटलरच्या पक्षाला तेव्हा जेमतेम २.६ टक्के मते होती. सार्वमत सपशेल पडले. एकूण मतदारांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच पाठिंबा दिला. पण हिटलर देशभरातल्या प्रतिष्ठित नेत्यांच्या रांगेत दिसला आणि हुगेनबर्गच्या वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. त्याच्या वाढीला पुढे मंदीने जास्त बळ दिले, हेही सांगायला हवे. सप्टेंबर १९३० मध्ये नाझींना १८.३ टक्के आणि हुगेनबर्गला ७ टक्के मते मिळाली. वेस्टार्प आणि अनेक खासदार तोवर पक्ष सोडून गेले होते.

तरीही डाव आपल्याच हातात आहे, असे तो धरून चालला. ऑक्टोबर १९३१ मध्ये हार्झबुर्गला त्याने उजव्या शक्तींचा मोठा मेळावा भरवला. हिटलरने आपल्या पथकांची मानवंदना घेतली आणि मित्रपक्षांची पथके येण्याआधीच तो निघून गेला. एवढा उघड अपमान गिळूनही हुगेनबर्ग युती शोधत राहिला. कामगार चळवळ आणि लोकशाही मोडायची, हे दोघांचे समान ध्येय होते, हे इथे विसरून चालणार नाही. त्याला फसवले गेलेला म्हातारा म्हणून सोडून देणे आम्हाला मान्य नाही.

३० जानेवारी १९३३ च्या सकाळी नव्या निवडणुकीला त्याने विरोध केला. शपथविधी खोळंबला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ताटकळले आहेत असे सांगितल्यावर तो नमला. अर्थ आणि शेती ही दोन्ही खाती त्याच्याकडे, आणि मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त ३. हिशेब कागदावर बरोबर होता. पण पोलीस गोअरिंगकडे गेले. मार्चच्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्के मते पडली. बहुमत झाले ते हुगेनबर्गच्या ८ टक्क्यांनी. संसदेचे अधिकार हिटलरला देणाऱ्या कायद्याला त्याच्या पक्षानेही मत दिले.

जूनमध्ये लंडनच्या आर्थिक परिषदेत त्याने वसाहती आणि पूर्वेकडची जमीन मागितली. पोझेनचा जुना हिशेबच तो. सरकारने हात झटकले, महिनाअखेर त्याला राजीनामा द्यावा लागला आणि पक्षही विसर्जित झाला. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

त्याच्या कंपन्या नाझींनी एकेक करून घेतल्या, पण मोबदला देऊन. नावापुरता तो १९४५ पर्यंत संसदेत बसला. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याला अटक केली. १९४९ मध्ये डेटमोल्डच्या न्यायमंडळाने त्याला केवळ प्रवाहासोबत गेलेला माणूस ठरवले आणि मालमत्ता त्याच्याकडेच ठेवली. मार्च १९५१ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, तो मरण पावला.