वारा ओळखणारे सरखेल

मार्कंड्याच्या जत्रेला गेलात तर देवळांमागे नदीकाठी जरा थांबा. इथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. समजा तुम्ही डोंग्यात बसलात, वारा पाठीमागून आहे आणि तुम्ही छत्री उघडून धरली. वल्हं न मारता डोंगा पुढे सरकेल. तुमची छत्री झाली शीड! याच शिडाची ताकद आणि मर्यादा दोन्ही ओळखून कान्होजी आंग्र्यांनी जवळपास तीस वर्षं कोकणचा समुद्र राखला.

वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत. कान्होजी सुवर्णदुर्गावर नावारूपाला आले आणि राजाराम महाराजांच्या काळात आरमाराचे सरखेल झाले. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, हा त्यांचा नियम. इंग्रजांना तो पटला नाही. त्यांनी कान्होजींना चाचे ठरवलं.

आता शिडाचं गणित बघा. वारा पाठीमागून असला की शीड फक्त ढकललं जातं. वारा ताशी 20 किलोमीटर आणि बोट 8 किलोमीटर धावत असेल, तर शिडाला जाणवणारा वारा उरतो 12. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तो जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आला! नुसत्या ढकलण्यावर बोट वाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही. वारा बाजूने घेतला तर फुगलेल्या शिडाच्या दोन्ही अंगांनी हवा वाहते, बाहेरच्या अंगाला दाब कमी होतो आणि शीड ओढलं जातं. पण वारा पडला तर दोन्ही उपाय संपले.

कान्होजींचा डाव नेमका इथे होता. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफाही जास्त. पण वारा पडला की जागच्या जागी. कान्होजींची गलबतं हलकी, उथळ पाण्यातही चालणारी. त्यांना शीड होतंच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा थांबला की ही गलबतं तोफा असलेल्या गुराबांना दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची, कारण तिथे तोफा कमी. नेम धरायचा तो डोलकाठ्या आणि शिडांवर.

1718 मध्ये इंग्रज खांदेरीवरून हात हलवत परतले. 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तेव्हाही तेच झालं. 4 जुलै 1729 ला कान्होजी गेले. अलिबागला त्यांची समाधी आहे.

पुढे मुलांमध्ये भांडणं लागली, पेशव्यांशीही बिनसलं. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्गावर चाल केली आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. एकट्या इंग्रजांना जे जमलं नव्हतं, ते घरच्या फुटीने करून दिलं.

वारा वाहील तशी पाठ द्यावी, असं आपल्याकडे म्हणतात. कान्होजीही वाऱ्याला पाठ द्यायचे, पण वल्ही कायम तयार ठेवून. तुमची वल्ही कुठली, विचार करा.