मादाम क्युरींचा शेवटचा आजार

१९३४ च्या मे महिन्यात मादाम क्युरी प्रयोगशाळेतून ताप घेऊन घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. ताप, थकवा, पांढरा पडलेला चेहरा. डॉक्टरांना क्षयाची शंका आली. जव्हार-मोखाड्यात असा रुग्ण आला तर आजही आधी तीच शंका येते आणि छातीचा फोटो काढला जातो. क्युरींना आल्प्समधल्या आरोग्यधामात नेले, तिथेही फोटो काढले. फुफ्फुसात क्षय नव्हता. दोष रक्तात होता.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, वॉर्सामधल्या एका शिक्षकाच्या घरातला. तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मारियाने श्रीमंतांच्या मुलांना शिकवून थोरल्या बहिणीच्या पॅरिसमधल्या डॉक्टरकीला पैसे पाठवले आणि १८९१ मध्ये स्वतः पॅरिस गाठले. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झाले. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. गळक्या शेडमध्ये टनावारी खनिज उकळून १९०२ पर्यंत हाती आला तो रेडियमच्या क्षाराचा ग्रॅमचा जेमतेम दहावा भाग. रात्री त्या नळ्या अंधारात चमकत आणि नवरा-बायको त्या मुद्दाम पाहायला जात. दोघांच्या बोटांची कातडी सोलवटत होती. पिएर यांनी तर रेडियम दंडावर बांधून पाहिले. भाजल्यासारखी जखम झाली आणि ती भरायला कित्येक आठवडे लागले. पुढे ट्यूमरवर रेडियम वापरले गेले ते याच गुणामुळे.

हे किरण पेशीत शिरले की अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. पेशीत पाणीच जास्त. त्याच्या रेणूंचे तुकडे होतात आणि ते तुकडे डीएनएवर तुटून पडतात. डीएनएचा एक धागा तुटला तर समोरच्या धाग्याबरहुकूम पेशी तो सांधते. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले की सांधा चुकण्याची भीती. मग पेशी मरते, किंवा चूक पोटात घेऊन जगते आणि काही वर्षांनी कर्करोग उभा राहतो. सतत विभागणाऱ्या पेशींना धोका अधिक. त्यात रक्त बनवणारी अस्थिमज्जा सर्वांत पुढे.

पिएर १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून गेले. १९०३ पाठोपाठ १९११ मध्ये दुसरे नोबेल मिळाले. पण आजाराचा माग काढायचा तर १९१४ कडे जावे लागते. महायुद्धात जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधायला इस्पितळांत यंत्रे नव्हती. क्युरींनी देणगीदारांकडून मोटारी मिळवल्या, त्यांत क्ष-किरण यंत्र बसवले आणि आघाडीजवळ नेले. अशा सुमारे २० गाड्या आणि २०० खोल्या उभ्या राहिल्या. दहा लाखांहून अधिक तपासण्या झाल्याचे सांगतात. सोबत थोरली मुलगी इरेन होती, वय १७. किरणांपासून पुरेसा आडोसा मात्र दोघींनाही नव्हता.

१९२० नंतर क्युरींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढले, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. ४ जुलै १९३४ रोजी, ६६ व्या वर्षी, त्या वारल्या. कारण: अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी झाली होती.

सगळ्यांनी दोष रेडियमला दिला. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथिऑनमध्ये हलवताना मोजणी झाली, तेव्हा रेडियम अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. रेडियम निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. साठ वर्षांत ते विरून जाणे शक्य नाही. म्हणून फ्रेंच तज्ज्ञांचा संशय युद्धातल्या क्ष-किरणांकडे वळला. इरेन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या.

आज छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. निसर्गाकडूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तेव्हा क्षयाच्या तपासणीचा फोटो टाळण्यात शहाणपण नाही. बटण दाबताना तंत्रज्ञ आडोशाला जातो, कारण त्याला दिवसभर फोटो काढायचे असतात. लहान मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या आईने शिशाचा अ‍ॅप्रन मागून घ्यावा, आणि दिवस गेले असतील तर फोटोआधीच सांगावे.