मागाला नक्षी शिकवणारा जॅकार्ड

सोलापुरी चादरीवरचे मोर छापलेले नसतात, विणतानाच येतात. ही युक्ती ज्याच्या नावाने चालते त्या जोसेफ जॅकार्डची माहिती मी गुरुजींना विचारून लिहीत आहे.

जॅकार्डचा जन्म १७५२ साली फ्रान्समधील लियाँ या शहरी झाला. वडील विणकर. त्या काळी नक्षीचं रेशीम विणायचं तर मागाला एक पोर लागे. विणकर सांगेल तशा दोऱ्या त्याने दिवसभर ओढायच्या. आपल्याएवढीच मुलं ती! त्यांना कुठली शाळा?

भोकं पाडलेला कागद लियाँत आधीही काहींनी वापरून पाहिला होता. जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ते नीट जमवलं. पुठ्ठ्याला भोक असेल तिथली सुई आत शिरते आणि तिचे दोरे उचलले जातात. बाकीचे खालीच राहतात. पुठ्ठ्यांची माळ फिरली की नक्षी आपोआप उमटते. दोऱ्या ओढणारं पोर लागेना.

विणकर मात्र खवळले. काहींनी त्याचे माग मोडले म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही. हातचं काम गेल्यावर घरात खायचं काय? तरी ते माग पसरलेच. जॅकार्ड १८३४ मध्ये वारला आणि १८४० मध्ये त्याच लियाँत त्याचा पुतळा उभा राहिला!

पुढे इंग्लंडमधल्या बॅबेजने आपल्या गणिती यंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डे घेतली. अमेरिकेत १८९० ची जनगणना अशाच कार्डांवर मोजली गेली. नंतर संगणकालाही कितीतरी वर्षं माहिती अशीच, भोकं पाडून द्यावी लागे.