आडनाव बेट, काम बेटांवर

1898 सालची गोष्ट. एकोणीस वर्षांची एक मुलगी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेली आणि तिने काम मागितलं. तिचं नाव डोरोथिया बेट. तिच्याकडे पदवी नव्हती. तिथे तेव्हा एकही बाई शास्त्रज्ञ म्हणून काम करत नव्हती. पण तिला पक्ष्यांची छान माहिती होती. म्हणून तिला पक्ष्यांच्या विभागात काम मिळालं.

पुढे ती जीवाश्म ओळखायला शिकली. जीवाश्म म्हणजे फार जुन्या काळातल्या जीवांचे जमिनीत टिकून राहिलेले अवशेष.

गंमत बघा! आडनाव बेट, आणि तिचे मोठे शोधही बेटांवरच लागले. 1901 मध्ये ती सायप्रसला गेली. तिथल्या गुहांमध्ये तिला बुटक्या पाणघोड्यांची आणि बुटक्या हत्तींची हाडं सापडली. हत्ती आणि बुटके? हो! बेटावर खाणं कमी आणि मोठे शिकारी प्राणी नाहीत. मग पिढ्यान्पिढ्या ते लहान होत गेले.

1909 मध्ये मायोर्का बेटावर तिला बकरीसारखा एक प्राणी सापडला. त्याचे पुढचे दात उंदरासारखे आयुष्यभर वाढायचे. तिने त्याचं नाव ठेवलं मायोट्रॅगस, म्हणजे उंदीर-बकरा.

एवढं करूनही तिला कितीतरी वर्षं महिन्याचा पगार नव्हता. जितके जीवाश्म तयार करून देईल, तितकेच पैसे. शेवटी 1948 मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, ती म्युझियमच्या ट्रिंग गावातल्या शाखेची प्रमुख झाली. 1951 मध्ये ती वारली.

तिने शोधलेल्या प्राण्यांपैकी तुम्हाला कोणता बघायला आवडला असता? का?